गुडघे वाकवा म्हणे!

बाळंतपणानंतर पाठ धरून बसलेल्या आईला मिळणारा सल्ला ठरलेला आहे. पाठ ताठ ठेवा, गुडघ्यांत वाका, भार मांड्यांवर घ्या आणि मग बाळ उचला. दवाखान्याच्या भिंतीवरच्या चित्रात तो असतो, मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओत असतो आणि आईने तक्रार केलीच, तर “तू चुकीची वाकतेस” या एका वाक्यात तो तिच्याच अंगावर येतो. चित्रातला माणूस बहुधा जमिनीवरचे खोके उचलत असतो. त्याच्या आणि खोक्याच्या मध्ये काहीच नसते. बाळाच्या कॉटला मात्र चारही बाजूंनी कठडा असतो. खोक्यासाठी बरोबर असलेला सल्ला त्या कठड्यापाशी येऊन अडतो.

कसा अडतो ते मोजून पाहता येते. अमेरिकेतल्या नियमानुसार गादीखालची फळी सर्वांत खाली लावलेली असताना कठड्याची वरची कड त्या फळीपासून किमान 66 सेंटिमीटर उंच असावी लागते. युरोपीय मानकात हीच उंची 60 सेंटिमीटर आहे. मूल उभे राहायला लागले की ओणवे होऊन बाहेर पडू नये, यासाठी ही तरतूद आहे आणि ती रास्तच आहे. फळी जमिनीपासून 25 सेंटिमीटरवर आहे असे धरले, तर कठडा जातो नव्वदीच्या घरात. भारतीय स्त्रीची सरासरी उंची 152 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पाच फूट. तिच्या अंगावर 90 सेंटिमीटर मोजले तर ते बेंबीजवळ येतात. आता तिने सल्ला पाळून गुडघे वाकवावेत. गुडघे गजांवर आपटतात, कठडा छातीला लागतो आणि हात गादीपर्यंत पोहोचायच्या आत काखेत अडकतात. बाळ ठेवायचे तर वरून सोडूनच द्यावे लागेल. म्हणून ती कठड्यावर पोट टेकवून कमरेतून दुमडते. तिची चूक म्हणून जी दाखवली जाते, ती त्या फर्निचरने तिच्यासाठी शिल्लक ठेवलेली एकुलती एक हालचाल असते.

यातला खरा विरोधाभास पुढे आहे. बाळ नवे असते तेव्हा फळी वरच्या खाचेत लावता येते आणि आईला फारसे वाकावे लागत नाही. पण मूल हातांवर रेटा देऊन उठू लागले किंवा बसायच्या बेतात आले की फळी खाली घ्यावीच लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार जन्मतः सव्वातीन किलोच्या आसपास असलेले मूल सहाव्या महिन्यात साडेसात किलोचे होते. वर्षाच्या मुलीचे मध्यम वजन 8.9 किलो असते, मुलाचे 9.6. म्हणजे ओझे जवळजवळ तिप्पट होते आणि त्याच काळात ते ठेवायची जागा फूटभर खाली जाते. कारखान्यात कुणी अशी मांडणी केली असती, तर कामगारांनी पहिल्याच आठवड्यात पर्यवेक्षकाला घेराव घातला असता.

गुडघे वाकवण्याचा काहीच उपयोग नाही, असा याचा अर्थ नव्हे. 1999 मध्ये हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेतल्या चकतीत दाब मोजणारा संवेदक बसवून निरनिराळ्या हालचालींचे मोजमाप केले. नुसते उभे असताना दाब होता 0.5 मेगापास्कल. पाठ वाकवून 20 किलो उचलताना तो 2.3 वर गेला आणि तेच वजन गुडघ्यांत वाकून उचलले तेव्हा 1.7 भरला. इथपर्यंत भिंतीवरचे चित्र जिंकते. पण त्याच अभ्यासातले आणखी दोन आकडे सहसा कुणी सांगत नाही. 20 किलो छातीशी धरून उभे राहिल्यावर दाब होता 1.1, आणि तेच ओझे छातीपासून 60 सेंटिमीटर पुढे धरल्यावर 1.8. म्हणजे माणूस सरळ उभा असूनही, केवळ हात लांबवल्यामुळे, गुडघ्यांची सगळी पुण्याई वाया गेली. हे मोजमाप एकाच माणसावरचे आहे, तेव्हा आकडे जसेच्या तसे प्रत्येक आईला लावता येणार नाहीत. पण मुद्दा शाळेतल्या तरफेचाच आहे. वजन कण्यापासून जितके लांब, तितका कमरेवरचा ताण जास्त. आणि ते लांब ठेवण्याचे काम कॉटचा कठडा चोख बजावतो.

अमेरिकेतल्या निऑश या व्यावसायिक आरोग्य संस्थेचे वजन उचलण्याचे एक सूत्र 1990च्या दशकापासून जगभर वापरले जाते. आदर्श परिस्थितीत, म्हणजे वजन अंगाजवळ आणि जमिनीपासून 75 सेंटिमीटर उंचीवर असेल, तर ते 23 किलोंची मर्यादा सुचवते. वजन घोट्यांपासून 50 सेंटिमीटर पुढे गेले की मर्यादा निम्म्यावर, साडेअकरा किलोंवर येते. उचलायची जागा जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर असली तर ती आणखी घसरून दहाच्या किंचित खाली जाते. कॉटच्या मध्यावर झोपलेले वर्षाचे मूल या हिशेबात नेमके काठावर बसते. शिवाय हे सूत्र निरोगी कामगार आणि न हलणारे ओझे गृहीत धरते. अर्धवट झोपेत पाठीची कमान करून हातातून निसटू पाहणारे मूल त्यात मोजलेलेच नाही, टाके ओले असलेली किंवा रात्रीतून चौथ्यांदा उठलेली बाई तर नाहीच.

तंत्राच्या कैवाऱ्यांचा पुढचा युक्तिवाद असा, की तरीही शिकवले तर फरक पडतोच. या म्हणण्याची तपासणी झाली आहे, तीही जिथे शिकवणे सक्तीचे आणि नियमित असते त्या नोकरीच्या ठिकाणी. वजन हाताळण्याच्या प्रशिक्षणावरचे उपलब्ध प्रयोग एकत्र करून फिनलंडमधल्या संशोधकांनी 2008 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आढावा प्रसिद्ध केला. 2011च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्षही तोच होता. नुसत्या सल्ल्याने आणि प्रशिक्षणाने पाठदुखी टळते, असे दिसत नाही. या प्रयोगांत बरीचशी माणसे रुग्णसेवेतली होती. ज्यांना पगारी वेळेत, प्रशिक्षकासमोर, पुन्हा पुन्हा शिकवले त्यांची पाठ वाचली नाही. मग पहाटे तीन वाजता अंधारात एका पायाने दिव्याचे बटण चाचपडणाऱ्या आईची पाठ एका पत्रकाने कशी वाचेल?

रुग्णसेवेतल्या या माणसांचा दाखला आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये 1993 पासून लागू असलेले वजन हाताळणीचे नियम मालकाला आधी सांगतात की धोक्याचे उचलणे शक्य तितके टाळा. टाळता येत नसेल तर धोका तपासा आणि कमी करा. कामाची जागा, उंची, साधने यांत बदल करणे ही मालकाची जबाबदारी ठरते. रुग्णालयात नवजात बाळाची ट्रॉली साधारण कमरेच्या उंचीवर असते ती काही योगायोगाने नव्हे. तेच बाळ घरी आले, तीच हालचाल पगाराविना होऊ लागली, की धोका तपासायला कुणी येत नाही आणि दोष सरळ बाईच्या गुडघ्यांत सापडतो.

गुडघ्यांनंतर आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते ती सुई. “मणक्यात इंजेक्शन दिलं ना, तेव्हापासून पाठ गेली ती गेलीच,” हे वाक्य महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21च्या फेरीनुसार राज्यातली सुमारे चौथ्या हिश्शाची बाळंतपणे सिझेरियनने होतात, तेव्हा भूल दिली गेलेल्या बायका पुष्कळ आणि पाठ दुखणाऱ्याही पुष्कळ. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या वाट्याला आल्या की त्यांची सांगड घालायला वेळ लागत नाही. सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, हे खरे. पण प्रसूतिकळांसाठी एपिड्युरल, म्हणजे मणक्यातली भूल, घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्यागत विभागणी करून पुढे दीर्घकाळ पाठपुरावा करणारा ब्रिटिश अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि दोन्ही गटांच्या पाठदुखीत फरक आढळला नाही. गर्भारपणात ताणलेले पोटाचे स्नायू, सैलावलेले कटिबंधाचे सांधे आणि त्यानंतर लगेच सुरू होणारी उचल-ठेव ही कारणे समोर असताना सुईला धरून ठेवल्याचा एकच परिणाम होतो. जे बदलता येते त्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. अर्थात दुखणे पायात उतरत असेल, बधिरपणा येत असेल, ताप असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर कारणांची चर्चा घरी करत न बसता डॉक्टर गाठावा.

तिसरा आरोप आजीच्या पिढीकडून येतो. “आमच्या वेळी नव्हत्या बाई अशा पाठी दुखत.” दुखत नव्हत्या, की दुखलेल्या सांगायच्या नसत? ‘कंबर धरली’, ‘वात आला’ म्हणत शेगडीचा शेक आणि डिंकाचे लाडू उगाच नव्हते चालत. पण या आरोपात एक खरा धागा आहे आणि तो आरोप करणाऱ्यांच्या हातून निसटतो. पहिलटकरीण माहेरी असे. सव्वा महिना बाळाला न्हाऊ-माखू घालायला बाई येई, ती पाय पसरून खाली बसे आणि बाळाला पायांवर घेई. पाळण्याला दोरी असे. बाळंतीण बाजेवर टेकून किंवा आजी खाली बसून ती ओढत राही. बाळ झोपवण्याच्या त्या अर्ध्या तासात कुणाला ओणवे व्हावे लागत नसे, आणि उचलायला घरात चार-पाच जोड्या हात असत. त्या बायकांची पाठ वाचली असेल तर ती त्यांच्या काटकपणामुळे वाचली नाही. ओझे वाटले गेले म्हणून वाचली. पुण्यातल्या बाराव्या मजल्यावर किंवा न्यू जर्सीतल्या घरात दिवसभर एकटी असलेल्या सुनेला त्या काळाचा दाखला द्यायचा, तर सोबत ते चार-पाच हातही पाठवायला हवेत.

आणि ज्यांच्या वाट्याला ते हात तेव्हाही आले नाहीत, त्यांचे काय? बीडकडून साखर पट्ट्यात उतरणाऱ्या ऊसतोड कामगार बायका फडाच्या कडेला झोळी बांधून कामाला लागतात आणि डोक्यावर मोळ्या वाहतात. त्यांच्या पाठीला कुणी सवयीचे प्रमाणपत्र देऊ नये.

मग पुन्हा टांगता पाळणा आणावा का? त्याचा एक गुण मान्य करायला हवा. दोरी किंवा साखळी आखूड-लांब करून तो घरातल्या बाईच्या उंचीला बसवता येई. जमिनीपासून वर टांगण्याला कोकणात आणखी कारण होते. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचे आयुष्यभराचे संशोधन ज्या विंचूदंशावर झाले, तो तिथे मुलांचा जीव घेणारा धोका होता. पण पाळणा झोळीचा असेल, तर त्यात बाळाची पाठ गोल होते, हनुवटी छातीवर टेकते आणि लहान बाळाचा श्वास त्याने कोंडू शकतो. 1990च्या दशकात अमेरिकेत बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली, त्यानंतर झोपेतल्या अचानक मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजची शिफारस स्पष्ट आहे. उताणे, सपाट आणि टणक गादीवर, उशी-दुलई-खेळण्यांशिवाय, आई-बाबांच्याच खोलीत. आईची पाठ वाचवणारा कोणताही उपाय आधी या चौकटीत बसला पाहिजे.

ही चौकट विसरून केलेले उपाय महागात पडतात. आईला वाकावे लागू नये म्हणून कॉटची एक बाजू खाली सरकवण्याची सोय जुन्या कॉटमध्ये होती आणि पाठीच्या दृष्टीने ती उत्तमच होती. पण सरकणाऱ्या बाजूचे बिजागर आणि खिळे सैल होऊन फट पडे, आणि तीत मुले अडकत. 2000 नंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेत अशा किमान 32 मृत्यूंची नोंद झाली आणि जून 2011 पासून तिथे या कॉटच्या विक्रीवर बंदी आली. निर्णय बरोबर होता. चुकले ते पुढचे. बाजू कायमची बंद करताना आईच्या कमरेचा प्रश्न कुणाच्या कामाच्या यादीत राहिलाच नाही. घरी त्यावर जुगाड निघतात. एकावर एक दोन गाद्या, गादीखाली घडी घातलेली रजई, उतरती उशी. दोन गाद्यांनी कठडा तितकाच बुटका होतो आणि उभे राहणारे मूल त्यावरून पडू शकते. रजईने कडेला फट राहते, आणि उतरत्या पृष्ठभागावर बाळाची मान पुढे झुकते. असे उतरते बिछाने अमेरिकेत 2022च्या कायद्याने विक्रीतून बाद झाले आहेत.

मग सुरक्षित असे काय उरते? बरेच काही. फक्त त्याची सुरुवात आईच्या शरीरापासून करायची नाही.

पहिले म्हणजे झोपवणे आणि ठेवणे या दोन गोष्टी वेगळ्या करणे. नुकसान फक्त उचलण्यात नव्हे, थोपटण्यातही होते. कठड्यावरून ओणवे राहून वीस मिनिटे पाठीवर हात फिरवत राहिले की कण्यामागचे अस्थिबंध ताणून सैल होतात. कॅनडातल्या स्टुअर्ट मॅकगिल यांच्या 1992च्या प्रयोगात वीस मिनिटे पूर्ण वाकून बसलेल्यांचा कणा अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतरही पुरता पूर्ववत झालेला नव्हता. म्हणजे बाळ झोपले म्हणून हळूच सरळ झालेली आई, ते पाचव्या मिनिटाला रडले म्हणून पुन्हा वाकून उचलते, तेव्हा तिची कंबर सगळ्यांत असुरक्षित अवस्थेत असते. कॉटशेजारी बुटके स्टूल ठेवून गजांच्या फटीतून हात घालून थोपटले, तर हे वाकणेच उरत नाही. सुरक्षित कॉटच्या गजांमध्ये सुमारे सहा सेंटिमीटरच फट असते. तळहात उभा केला तर बहुतेक बायकांचा हात तीतून जातो. न गेल्यास बोटे तरी जातातच, आणि अर्धवट झोपलेल्या बाळाला ती पुरतात.

दुसरे, अंतर. बाळ कॉटच्या मधोमध ठेवायची गरज नाही. जवळच्या कठड्याच्या बाजूला, पायांकडच्या टोकाला ठेवावे. एक पाय पुढे, एक मागे, मांडी कठड्याला टेकलेली, बाळ छातीशी धरूनच आधी आपण खाली जायचे आणि अगदी शेवटी हात लांबवायचे. आधी बाळाचे ढुंगण टेकवायचे, मग पाठ आणि सर्वांत शेवटी डोके. उचलताना याच्या उलट. आधी गादीवरूनच सरकवून कडेला आणायचे, मग अंगाशी घ्यायचे. हेही तंत्रच आहे, हे खरे. पण ते कठडा आहे हे गृहीत धरून बेतलेले आहे.

याच ठिकाणी मनगटाचीही दखल घ्यायला हवी. अंगठे ताणून बाळाच्या काखेत हात घालून उचलण्याने अंगठ्याच्या मुळाशी सूज येते. फ्रित्झ द केर्व्हाँ या स्विस शल्यचिकित्सकाने 1895 मध्ये वर्णन केलेल्या या दुखण्याला नव्या आयांमध्ये आजही भरपूर गिऱ्हाईक आहे. एक हात ढुंगणाखाली आणि दुसरा मानेमागे घेतला की अंगठ्यांवरचा भार जातो.

तिसरे, कॉटच बदलणे. पलंगाला एका बाजूने खुली जोडता येणारी कॉट पहिल्या काही महिन्यांत वाकणे बरेचसे रद्द करते, कारण बाळ आईच्या पातळीवरच असते. डरहॅम विद्यापीठाच्या हेलन बॉल आणि सहकाऱ्यांनी न्यूकॅसलच्या रुग्णालयात केलेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले ते असे. स्वतंत्र कॉटमधल्या बाळांपेक्षा आईच्या पलंगाला जोडलेल्या कॉटमधली बाळे जास्त वेळा अंगावर घेतली गेली. त्या अभ्यासाचा विषय स्तनपान होता. पण रात्री आईला उठून उभे राहावे लागले नाही, एवढे तर त्याच मांडणीत आले. मूल मोठे झाल्यावर मात्र उंच कठड्याची कॉट लागतेच. ती घेताना लाकूड आणि रंग पाहण्याआधी फळी खालच्या खाचेत लावून मागावी आणि दुकानातच दहा किलोची तांदळाची पिशवी त्यात ठेवून उचलून पाहावी. घरात ज्याला किंवा जिला जास्त वेळा उचलायचे आहे, त्यानेच ती उचलावी.

चौथे कलम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी सुचवले जाते. रात्रीच्या दोनपैकी एक फेरी बाबाने घेतली, तर आईचे रात्रीचे उचलणे निम्मे होते. कोणत्याही प्रशिक्षणाला आजवर हे साधलेले नाही. ‘बाळ माझ्याकडे राहत नाही’ ही तक्रार पहिल्या आठ दिवसांत खरी असते आणि नंतर सोयीची.

म्हणून पाठदुखी घेऊन आलेल्या आईला “तुम्ही वाकता कशा?” असे विचारण्याआधी डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टनी तीन प्रश्न विचारावेत. बाळ कुठे झोपते, ती जागा जमिनीपासून किती उंच आहे आणि रात्री कोण उठते? याला दोन मिनिटे लागतात. उत्तरे मिळाली की वेदनाशामक गोळी लिहिण्याआधी कॉटची फळी हलवायची, शेजारी स्टूल ठेवायचे की नवऱ्याच्या फोनवर गजर लावायचा, हे ठरवता येते.